मातीला जाणें

चांद्याकडील खेड्यांत कोणी वारलें म्हणजे शेजारीपाजारी एकमेकांस सांगतात, "आज मातीला जायचें आहे." त्या घरची चाल प्रेत जाळण्याची असो कीं पुरण्याची असो, शब्द हाच. सरणावर चढलेल्या देहाचीहि इकडे 'माती'च होते. आणि एखादा जुना वाद कायमचा मिटवावयाचा असेल तर त्याला 'मूठमाती' द्यावी, असें तर पुण्यामुंबईच्या, पिढ्यान्‌पिढ्या अग्निसंस्काराखेरीज दुसरें फारसें कांहीं न पाहिलेल्या घरांतहि सर्रास म्हटलें जातें. आचार बदलले तरी भाषा जुन्या आचारांच्या खुणा सोडीत नाहीं. आजीच्या फडताळांत एखादें जुनें भांडें कोणास नकळत राहून जावें, तसे हे शब्द आपल्या बोलण्यांत राहून गेले आहेत.

मृतांस भूमींत पुरण्याची चाल आधुनिक समाजानें पुढें चालवावी काय, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून अधूनमधून निघतो. शहरांत जिवंत माणसांस राहावयास जागा नाहीं, मग मेलेल्यांसाठीं एकरचे एकर कां अडवावे. ही चाल आरोग्यास अपायकारक नाहीं काय. सर्वांनीं विद्युद्दाहिनीच कां पत्करूं नये. असे त्याचे पोटप्रश्न असतात. परंतु हा प्रश्न आपण बहुधा दुसऱ्यांचा म्हणून काढतों. पुरणें ही मुसलमानांची व ख्रिस्त्यांची चाल, जाळणें ही आपली, अशी वांटणी मनांत आधींच झालेली असते. ही वांटणी किती कच्ची आहे हें पाहावयाचें असेल तर वाचकांनीं एकदां माझ्याबरोबर वर्धा नदीपलीकडील राजुरा तालुक्यांत यावें.

बल्लारशाह स्टेशन सोडून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी वर्धेचा पूल ओलांडते आणि माणिकगड नांवाच्या लहानशा स्टेशनावरून पुढें तेलंगणांत जाते. सडकेनें जाणारा प्रवासी बल्लारपुराहून नदी ओलांडली कीं थोड्याच वेळांत राजुऱ्यास पोंचतो. पावसाळ्यांत वर्धा फुगली म्हणजे ही वाट बंद पडते, आणि राजुरा चांद्यापासून कांहीं काळ तुटतो. हीच नदी पूर्वीं दोन राज्यांची सीमा होती. तिच्या अलीकडे इंग्रजी अमलाखालील मध्यप्रांत, पलीकडे निजामाचें राज्य. हैदराबाद संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें, तरी राजुरा आदिलाबाद जिल्ह्यांतच राहिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो मुंबई राज्यांत येऊन प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यांत आला. त्यामुळें येथील बाजारांत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू अशा भाषा एकाच सकाळीं कानीं पडतात. जमीन काळी, कापसाची. दक्षिणेस माणिकगडाच्या डोंगरांकडे चुनखडीचे थर आहेत, आणि नदीच्या आसपास जमिनीखालीं दगडी कोळसा.

अशा मुलखांत गांवाबाहेर सहज फिरावयास निघालें म्हणजे मरणाच्याहि अनेक भाषा दृष्टीस पडतात. एखाद्या नाल्याच्या कांठीं सरणांनीं काळी पडलेली जागा असते. तिच्याच पलीकडे, पळसाच्या झुडपांत, मातीचे लांबट उंचवटे दिसतात. उशाशीं एकेक ओबडधोबड दगड रोवलेला, नांव नाहीं, तिथि नाहीं. आणखी पुढें कडुनिंबाच्या सावलींत कबरस्तान असतें. ज्या खेड्यांत प्रेतें पुरतात त्यांतील पुष्कळ घरें हरहर महादेव म्हणणारीं असतात, हें पाहिलें कीं आपल्या मनांतील ती सोपी वांटणी डळमळूं लागते.

या मुलखाचे जुने धनी गोंड. त्यांच्या राजांची राजधानी परंपरेप्रमाणें प्रथम शिरपूर, मग बल्लारपूर, आणि शेवटीं चांदा अशी सरकत गेली. राजुऱ्याहून परत निघालें म्हणजे वर्धेच्या पूर्व तीरावर बल्लारपूरचा किल्ला लागतो. खांडक्या बल्लाळशाह या राजानें तें गांव वसविलें व पुढें चांदा शहराचाहि पाया घातला, असें सांगतात. त्याची समाधि बल्लारपुरास आहे. चांद्यास गेलें तर अंचलेश्वराच्या देवळाशेजारीं गोंड राजांच्या समाध्या आहेत, आणि त्यांत सर्वांत भव्य बीरशाहाची. अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याचा खून झाला, तेव्हां त्याच्या राणीनें, हिराईनें, ती बांधविली. चैत्रांत जिच्या यात्रेस लांबलांबचे लोक पायीं येतात त्या महाकालीचें देऊळहि याच राणीनें बांधिलें. देवीचें मंदिर आणि पतीची समाधि एकाच स्त्रीच्या हातून उभीं राहिलीं. त्या दोहोंत कांहीं विसंगति आहे असें चांद्यांत कोणास वाटल्याचें ऐकिवांत नाहीं.

राजांच्या दगडी समाध्या हा झाला वैभवाचा भाग. सामान्य गोंडांविषयीं रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींच्या ग्रंथांत असें नमूद आहे कीं, पुरणें हीच त्यांची सर्वसाधारण चाल, आणि दाहाचा मान खर्चामुळें थोड्यांसच मिळे. पुढें १९४० नंतरच्या दशकांत क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या राजगोंडांत येऊन राहिले. राजुराहि तेव्हां त्याच जिल्ह्यांत मोडत असे. त्यांच्या लेखनावरून दिसतें कीं, देह अग्नीस दिला कीं मातीस, यापेक्षां गोंडांचें लक्ष पुढील विधींकडे अधिक असतें. मृताचा शेवटचा विधि यथासांग होऊन तो आपल्या कुळाच्या पूर्वजांत व कुलदैवतापाशीं सामील झाला पाहिजे. तोंवर घरच्यांचें कर्तव्य फिटत नाहीं. आपल्या घरांतील वडील माणसांस हें वाचून सपिंडीकरणाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेथेंहि गेलेल्यास पितरांच्या पंक्तींत नेऊन बसविणें हाच हेतु आहे.

हैमेंडॉर्फ यांच्या पत्नी बेट्टी या संशोधनांत त्यांच्या बरोबरीनें वावरल्या. १९८७ सालीं त्यांचा अंत झाला, तेव्हां ज्या मर्लवाई खेड्यांत या दांपत्यानें गोंडांबरोबर दिवस काढले होते तेथेंच त्यांस माती देण्यांत आली. पतीचा देहान्त १९९५ सालीं झाला. त्यांचेंहि स्मारक आज त्याच ठिकाणीं, त्यांच्या शेजारीं आहे. ऑस्ट्रियांत जन्मलेला पंडित आणि त्याची इंग्रज पत्नी यांना गोंडांनीं आपल्या मातींत जागा दिली, यापरतें मोठें आतिथ्य कोणतें?

पूर्वेस गडचिरोलीच्या अरण्यांत, भामरागडाकडे माडिया गोंडांच्या मुलखांत गेलें म्हणजे वाटेच्या कडेला गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठीं उभ्या केलेल्या शिळा दिसतात. त्यांवर अक्षर कोरलेलें नसतें. कोणती शिळा कोणाची हें गांवास ठाऊक असतें, आणि गांव आहे तोंवर तेवढें पुरतें.

'हें आदिवासींचें झालें. आपल्या शास्त्रांत तर दाहच सांगितला आहे,' असें कोणी म्हणेल. दाह हा मुख्य संस्कार खराच. परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत अग्नीनें दग्ध झालेले आणि न झालेले अशा दोन्ही पितरांचा एकत्र उल्लेख आहे, आणि त्याच मंडलाच्या अठराव्या सूक्तांत, गेलेल्या माणसास आईप्रमाणें पोटाशीं घ्यावें अशी भूमीची विनवणी आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांत दाहानंतर अस्थि कुंभांत भरून खड्ड्यांत ठेवण्याचा विधि सांगितला आहे. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत तर त्यावर रचावयाच्या उंचवट्याचा आकार कसा असावा, याचाहि ऊहापोह आहे. दोन वर्षांच्या आंतील बालकास जाळूं नये, गांवाबाहेर भूमींत ठेवावें, असें मनुस्मृति सांगते. आणि ज्या घरांतून एखादें तान्हें गेलें असेल त्या घरच्या आईस हें ग्रंथ उघडून दाखवावयास नको. संन्याशास अग्नि देत नाहींत. लिंगायत आपल्या मृतांस बसलेल्या स्थितींत भूमीच्या स्वाधीन करतात, आणि महानुभावांच्या साधूंसहि पुरण्याचीच परंपरा आहे. ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली. शेगांवच्या गजानन महाराजांची समाधि १९१० ची. एकादशीस आपण ज्या पायरीवर डोकें टेकतों ती पायरी समाधीची आहे, हें विसरून पुरण्याच्या चालीस परकी म्हणणें बरें नव्हे.

शास्त्राच्याहि मागें जावयाचें तर महाराष्ट्राची जमीनच साक्ष देते. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा व नैकुंड येथें मोठमोठ्या दगडांचीं वर्तुळें आहेत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांत लोखंड वापरणाऱ्या लोकांनीं आपल्या मृतांसाठीं तीं रचलीं, आणि त्यांत हत्यारें, भांडीं, इतकेंच काय पण घोड्यांचे अलंकारहि सांपडले आहेत. चांदा जिल्ह्यांतच चिमूर तालुक्यांत हिरापूर येथें अशा प्रचंड शिळांची रचना आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचे शेतकरी आपल्या लेकरांस दोन मडक्यांच्या तोंडास तोंड लावून त्यांत ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरीत असत, असें दिसून आलें. मूल दृष्टीआड झालें तरी घराबाहेर जाऊं नये, ही त्या आईबापांची इच्छा आपणांस परकी वाटेल काय?

आतां आक्षेपांकडे वळूं. ते पोकळ नाहींत.

पहिला आक्षेप आरोग्याचा. युरोपांतील शहरांनीं तो फार तीव्रपणें अनुभवला आहे. पॅरिस शहरांतील 'निष्पाप बालकां'च्या नांवाची दफनभूमि शतकानुशतकें भरत जाऊन अखेर शेजारच्या तळघराची भिंत तिच्या भारानें कोसळली. १७८० सालीं ती बंद केली, आणि पुढें तेथील अस्थि गाड्या भरभरून शहराखालच्या जुन्या खाणींत नेऊन रचल्या. लंडनमध्यें एडविन चॅडविक यांनीं १८४३ सालीं चर्चच्या आवारांतील दफनांविरुद्ध सरकारास अहवाल दिला, आणि १८५२ च्या कायद्यानें शहराच्या आंतील तीं आवारें बंद होऊं लागलीं. त्या काळीं दुर्गंधीनेंच रोग होतो अशी समजूत होती. ती पुढें खोटी ठरली. आजचें शास्त्र सांगतें कीं, खरी काळजी आहे ती पाण्याची. जागा उंचावर असावी, खड्डा पुरेसा खोल असावा, भूगर्भांतील पाणी त्याच्या तळाशीं येतां कामा नये. इंग्लंडांतील पर्यावरण खात्याचा दंडक तर पिण्याच्या विहिरीपासून २५० मीटर अंतर राखावें असा आहे. एवढी दक्षता असेल तर साध्या मातींत पुरलेला देह शेजाऱ्यास अपाय करीत नाहीं. राजुऱ्याकडील जाणते लोकहि मसणवटा विहिरीच्या वरच्या अंगास नेत नाहींत.

या आक्षेपाची कसोटी आपण नुकतीच पाहिली आहे. २०२० सालीं करोनाची सांथ आली, तेव्हां ३० मार्च रोजीं मुंबई महानगरपालिकेनें, या रोगानें दगावलेल्यांस धर्म न पाहतां जाळावें असा हुकूम काढला, आणि त्याच दिवशीं तो बदलला. पुढें वांद्र्याच्या कबरस्तानासंबंधीं वाद मुंबई उच्च न्यायालयांत गेला. प्रेत पुरल्यानें हा रोग पसरतो यास आधार नाहीं, आणि सन्मानानें अंत्यसंस्कार होणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय न्यायालयानें त्या वर्षींच्या मे महिन्यांत दिला. भीतीच्या भरांत आरोग्याचें नांव घेऊन दुसऱ्याच्या आचारावर घाला घालणें किती सोपें असतें, हें त्या दिवसांनीं दाखविलें.

दुसरा आक्षेप जागेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. प्रत्येक मृतास कायमची तीन हात जमीन द्यावयाची म्हटलें तर कोणतेंहि शहर कधीं तरी हरणारच. सिंगापुरानें १९९८ पासून थडग्याची मुदत पंधरा वर्षें ठरविली. नंतर अस्थि काढून, धर्माप्रमाणें, एक तर दाह करतात किंवा थोड्या जागेंत एकत्र पुन्हा पुरतात. जर्मनींत थडग्याची जागा ठराविक वर्षांच्या भाड्यानेंच मिळते. मुंबईच्या ख्रिस्ती दफनभूमींतहि बरींचशीं थडगीं मुदतीचीं असून नंतर अस्थि भिंतींतील कोनाड्यांत ठेवण्याची सोय असते. रोमन कॅथलिक चर्चनें १९६३ सालीं दाहास परवानगी दिली. इंग्लंडांत १८८५ सालीं वोकिंग येथें पहिला अधिकृत दाह झाला तेव्हां केवढा गहजब उडाला होता. आज त्याच देशांत बहुसंख्य लोक दाहच पसंत करतात. आणि उलट त्याच देशांत १९९३ सालीं कार्लाइल येथें, शवपेटीचा थाट व संगमरवर टाकून, झाडाखालीं साध्या मातींत पुरण्याची नवी व्यवस्था सुरू झाली आणि लोकांस आवडली. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. जागा खातो तो देह नव्हे. देहाची कांहीं वर्षांत माती होते. जागा अडते ती त्यावर चढविलेल्या चुन्याविटांमुळें आणि 'ही आमची कायमची' या हट्टामुळें. राजुऱ्याच्या नाल्याकांठचा तो निनांवी उंचवटा दहाबारा पावसाळ्यांत सपाट होतो, आणि तीच भूमि पुन्हा दुसऱ्यास घेते. कार्लाइलनें जें नवें म्हणून काढलें तें येथें कोणी शिकविल्यावांचून चालत आलें आहे.

दाहाचाहि हिशेब मांडला पाहिजे, नाहीं तर न्याय एकतर्फी होईल. एका प्रेतास तीनशें ते चारशें किलो लांकूड लागतें. अरण्याच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यास तें फुकट मिळत असेल अशी शहरांतील समजूत आहे. पण डेपोंतून विकत घ्यावयाचें लांकूड मजुरी करणाऱ्या घरास परवडण्याजोगें नसतें. विद्युद्दाहिनी लांकूड वांचविते. पण तिला लागणारी वीज कोठून येते? चांद्याच्या औष्णिक केंद्रांत ती याच पट्ट्यांतील कोळसा जाळून निर्माण होते. हा कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं चिखलांत गाडलें गेलेलें अरण्य. भूगर्भशास्त्रज्ञांनीं या खडकांस गोंडांच्या भूमीवरूनच 'गोंडवन' हें नांव दिलें, आणि तें जगभर रूढ झालें. दाह निर्दोष आणि दफन सदोष, असा निवाडा या हिशेबांतून निघत नाहीं. दोन्ही चालींना आपापला भार आहे. शहरांत, जेथें जागा नाहीं, तेथें दाहिनी सोयीची. खेड्यांत, जेथें माती मोकळी आणि लांकूड महाग, तेथें माती सोयीची. हा निर्णय ज्या घरांत मरण झालें त्या घरानें करावा, इतरांनीं त्यांत पडूं नये.

येथवर आपण पद्धतीचा विचार केला. राजुरा तालुक्यांत फिरतांना मात्र असें वाटतें कीं, आज खरा प्रश्न पद्धतीचा नसून जागेचा आहे. आणि तो शहरी जागेच्या प्रश्नाहून फार निराळा आहे. सास्ती, पोवनी या गांवांच्या परिसरांत उघड्या कोळसाखाणी आहेत, गडचांदुराकडे सिमेंटच्या कारखान्यांसाठीं चुनखडी काढतात. उघड्या खाणींत कोळशावरची सगळी माती उचलून बाजूस टाकतात, आणि त्या मातीचे डोंगर होतात. शेत गेलें तर त्याची किंमत ठरते. घराची ठरते, विहिरीची ठरते, आंब्याच्या झाडाचीहि ठरते. नाल्याकांठच्या निनांवी उंचवट्यांची किंमत कोणत्या रकान्यांत लिहावयाची? त्यांवर कोणाचें नांव नसतें, सातबारावर धनी नसतो, आणि गांव उठला कीं कोणता दगड कोणाचा हें सांगणारेंहि पांगतात. दाह करणाऱ्याची राख गंगेस किंवा गोदावरीस गेलेली असते. तो कोठेंहि गेला तरी त्याचे पितर त्याच्याबरोबर असतात. पुरणाऱ्याचे पितर जागेवर असतात. म्हणून एकच खाण दोघांपासून सारखेंच घेत नाहीं.

कायद्यास हें अगदींच ठाऊक नाहीं असें मात्र नाहीं. २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत नव्या वसाहतींत कोणत्या सोयी असाव्या याची यादी आहे. तींत रस्ते, पाणी, शाळा यांबरोबरच दफनाची किंवा दहनाची भूमि, तीहि तेथील समाजाच्या जातिजमातींच्या चालीप्रमाणें, द्यावी असें स्पष्ट म्हटलें आहे. कोळशाच्या जमिनी १९५७ च्या निराळ्या कायद्यानें घेतल्या जातात. परंतु पुनर्वसनाचीं हीं कलमें २०१५ सालच्या आदेशानें त्या कायद्यासहि लागूं झालीं आहेत. नव्या मसणवट्याची तरतूद कागदावर झाली, ही चांगली गोष्ट. जुन्या मसणवट्यांतील माणसांचें काय करावयाचें, हें विचारण्याची जबाबदारी मात्र अजून आपणां सर्वांवर आहे.

जागा नाकारली गेली म्हणजे काय होतें, याचें ताजें उदाहरण गडचिरोलीच्या सीमेपलीकडे बस्तरमध्यें घडलें. छिंदवाडा नांवाच्या गांवांत जानेवारी २०२५ मध्यें एक ख्रिस्ती धर्मोपदेशक वारला. तो मूळचा त्याच गांवचा. मुलाची इच्छा होती कीं, बापास पूर्वजांच्या शेजारीं माती द्यावी. गांवांतून विरोध झाला. प्रेत शवागारांत पडून राहिलें आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींचीं मतें भिन्न झालीं. एकीचें म्हणणें, खाजगी शेतांत पुरूं द्यावें. दुसऱ्याचें म्हणणें, ठरलेल्या ख्रिस्ती दफनभूमींतच जावें. प्रेत आणखी तिष्ठूं नये म्हणून, वीसएक किलोमीटर दूरच्या गांवच्या दफनभूमींत सरकारी बंदोबस्तांत पुरावें, असा दोघांनीं मिळून आदेश दिला. सुमारें तीन आठवडे एका माणसास आपल्या गांवांत तीन हात माती मिळाली नाहीं. आणि हें केवळ धर्मांतराचें भांडण म्हणून सोडून देतां येणार नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतहि कित्येक गांवीं वस्तीवस्तीचें स्मशान निराळें, आणि एकाच्या वाटेनें दुसऱ्याची तिरडी जाऊं नये यावरून तंटे होतात. जिवंतपणीं जी दरी असते तीच मरणानंतर कायम राहते, आणि तेव्हां ती अधिक ओंगळ दिसते.

एवढें पाहून झाल्यावर मूळ प्रश्नाचें उत्तर माझ्या मतें असें द्यावें लागतें. मातीस देण्याची चाल बंद करण्याचें कारण नाहीं. ती या भूमीची, आणि आपल्याहि पूर्वजांची आहे. कायमच्या थडग्याचा हट्ट मात्र सर्वांनीं सोडावा, मग तें संगमरवरी थडगें असो कीं एखाद्या पुढाऱ्याची सिमेंटची समाधि असो. मातीस दिलेलें मातीस मिळूं द्यावें, कांहीं वर्षांनीं त्याच जागेनें दुसऱ्यास घ्यावें, आणि आठवण राखावयाची तर एखादें झाड लावावें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या जागेंत एखाद्या गांवानें आपलीं माणसें ठेवलीं आहेत ती जागा त्या गांवास विचारल्यावांचून कोणी घेऊं नये, आणि घ्यावीच लागली तर अस्थि सन्मानानें काढून, त्यांचे विधि त्यांच्या रीतीनें करूं देऊन, नव्या वस्तींत नेण्याचा खर्च खाणीच्या खर्चांत प्रथम धरला जावा.

हें काम मोठ्या चळवळीचें नाहीं. ग्रामसभेंत एक ठराव व्हावा, गांवाच्या नकाशावर शाळा आणि विहीर ज्या शाईनें दाखवितात त्याच शाईनें मसणवट्याची चतुःसीमा लिहिली जावी, आणि कोणता दगड कोणाचा हें ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या माणसांस हातीं धरून, तीं आहेत तोंवर, एकदां तेथें नेऊन नांवें उतरवून घ्यावीं. आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील मुलें आज महसूल खात्यांत, खाणींच्या कचेऱ्यांत, कारखान्यांत अधिकारावर आहेत. राजुऱ्यासारख्या ठिकाणीं त्यांची बदली होते, आणि संपादनाच्या कागदांवर त्यांची सही पडते. त्यांना आपण पत्रांतून प्रकृति सांभाळ असें लिहितोंच. त्याच पत्रांत आणखी एक ओळ लिहावी, कीं सही करण्यापूर्वीं त्या जमिनीच्या कडेला जाऊन ये, आणि तेथें कांहीं दगड रोवलेले असले तर ते कोणाचे आहेत हें गांवास विचार.